कातडी आणि आतडी : एक प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या मेडिकलमध्ये काउंटरवर कात्री हाताशीच असते. दहा गोळ्यांच्या पाकिटातल्या चारच हव्या असल्या की पाकीट कापले जाते, चार गोळ्या कागदी पिशवीत पडतात आणि गिऱ्हाईक एसटी पकडायला निघते. औषधाचे नाव पाकिटाच्या ज्या भागावर छापलेले असते तो भाग कधी गिऱ्हाइकाकडे येतो, कधी दुकानातच राहतो. घरी पोचेपर्यंत त्या गोळ्यांचे बारसे नव्याने झालेले असते : तापाची गोळी, अंगदुखीची गोळी, झटक्याची गोळी, पाय सुजतो त्याची पांढरी गोळी. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. ताप उतरतो, उरलेल्या दोन गोळ्या देवळीत ठेवल्या जातात आणि पुढच्या तापाला त्याच काढल्या जातात.

पुढची पाने ज्या आजारावर आहेत तो या नाव हरवलेल्या गोळ्यांमुळेच होतो असे मुळीच नाही. डॉक्टरांनी विचार करून लिहिलेल्या, योग्य मात्रेत घेतलेल्या, नावागावासकट ठाऊक असलेल्या गोळीनेही तो होतो. पण तो झाल्यावर रुग्णाला वाचवण्यासाठी सर्वांत आधी लागते ते औषधाचे नाव. ते नाव हाती नसेल तर मोठ्या रुग्णालयातला मोठा डॉक्टरही अंधारात चाचपडतो. म्हणून सुरुवात कात्रीपासून केली.

आपल्याकडे ‘रिअॅक्शन आली’ हे शब्द फार सैल वापरले जातात. सुई मारल्यावर चक्कर आली तरी रिअॅक्शन, गोळीने पित्त खवळले तरी रिअॅक्शन, अंगावर गांधी उठल्या तरी रिअॅक्शन. यातले बरेचसे दोन दिवसांत निवते. त्यामुळे खरोखर जीवघेणी रिअॅक्शन दारात उभी राहते तेव्हाही घरचे लोक तिला त्याच हिशेबात धरतात. उष्णता बाहेर पडतेय म्हणतात, गोवर म्हणतात, कांजण्या म्हणतात. कोणी हळद लावते, कोणी कडुलिंबाचा पाला आणून पांघरुणाखाली घालते. यात कोणाचा दोष काढायचा नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस हा आजार दिसतोच तसा. ताप येतो, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. पावसाळ्यात अर्ध्या तालुक्याची हीच तक्रार असते.

मग अंगावर उठू लागते. चेहरा, छाती आणि पाठ यांवर लालसर-जांभळे डाग येतात. नेहमीच्या पुरळाला खाज सुटते, हे डाग दुखतात. कपड्याचा स्पर्श नकोसा होतो. ओठ सुजतात, फुटतात, त्यांवर काळसर खपल्या धरतात. तोंडात इतके चट्टे पडतात की थुंकी गिळवत नाही. लघवीच्या जागी आग होते. डोळे चिकटतात. आणि मग डागांवरची कातडी सैल होते. उकळत्या पाण्यातून काढलेल्या टोमॅटोची साल बोट लावताच जशी सरकते, तसा वरचा पापुद्रा हलक्या दाबानेही सरकतो आणि खाली लाल, ओली, उघडी जागा दिसते. त्वचारोगतज्ज्ञ याला निकोल्स्कीची खूण म्हणतात. ज्याने हे एकदा पाहिले तो या आजाराला पुन्हा गोवर म्हणत नाही.

१९२२ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या दोन डॉक्टरांनी सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांचे वर्णन छापले : ताप, अंगभर पुरळ, तोंड आणि डोळे पार सुजून आलेले. त्यावरून ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ हे नाव पडले. १९५६ साली अॅलन लायल यांनी चार रुग्णांवर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच उकळत्या पाण्याने भाजल्यासारखी कातडी असे म्हटले. त्यांनी दिलेले नाव ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस’, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘टेन’. पुढे लक्षात आले की हे दोन वेगळे आजार नाहीत, एकाच आगीच्या लहानमोठ्या ज्वाळा आहेत. अंगाच्या १० टक्क्यांहून कमी भागाची कातडी सुटली तर पहिले नाव, ३० टक्क्यांहून जास्त सुटली तर दुसरे, मधले ते दोहोंच्या सीमेवरचे. पहिल्या प्रकारात शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावतात, दुसऱ्यात तीस किंवा त्याहूनही अधिक.

हा आजार विरळा आहे. जगभरच्या नोंदी पाहता दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन, फार तर सहा. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. दहा लाखांमागे दोन धरले तरी जिल्ह्यात वर्षाला पाच-सहा माणसे होतात. महागाव तालुक्याच्या वाट्याला एखादे वर्ष रिकामे जाईल, एखाद्या वर्षी एक येईल. इथली नर्स किंवा दवाखाना चालवणारा डॉक्टर आयुष्यात असे दोन-तीन रुग्ण पाहील. जे दर आठवड्याला दिसते ते हाताला सवयीने कळते. जे दहा वर्षांतून एकदा दिसते ते आधी वाचून ठेवावे लागते.

औषध कोणते, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड असतो, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. रुग्णाचे नातेवाईक प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उलटी करतात. तिच्यातून कापलेली पाकिटे, सुट्या गोळ्या, अर्धी बाटली, कोणाची तरी जुनी चिठ्ठी असे सगळे बाहेर पडते. ‘परवा तापाची गोळी खाल्ली आणि काल अंगावर उठलं,’ असे ते सांगतात आणि बोट शेवटच्या गोळीकडे दाखवतात. पुष्कळदा ती गोळी निर्दोष असते. ताप आणि घसादुखी हीच या आजाराची पहिली पायरी असते. आजार आधीच सुरू झालेला असतो आणि त्या तापासाठी म्हणून ती गोळी घेतलेली असते. खरे कारण बहुधा त्याआधी चार दिवस ते चार आठवडे, कधी आठ आठवडे, सुरू झालेल्या औषधात असते. झटक्यांसाठी महिन्यापूर्वी सुरू झालेली गोळी. युरिक अॅसिड वाढले म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मिळालेली गोळी. ‘ती तर रोजचीच आहे’ म्हणून घरचे तिचे नावही काढत नाहीत, आणि दवाखान्यात दाखल झाल्यावरही पहिले एक-दोन दिवस ती चालूच राहते.

याची किंमत मोजली गेली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जी औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात त्यांच्या बाबतीत औषध जितके दिवस आधी बंद होईल, तितका मृत्यूचा धोका दर दिवसामागे सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. शरीरात रेंगाळणाऱ्या औषधांना हा लाभ मिळत नाही. या आजारावरचा रामबाण उपाय आजही कोणाकडे नाही. स्टेरॉइड द्यावे की नाही, सायक्लोस्पोरिन द्यावे की नाही, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. औषध लवकर बंद करण्यावर मात्र वाद नाही.

नेहमीच्या संशयितांची यादी आपल्या घराघरांतली आहे. झटक्यांवरच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल, लॅमोट्रिजिन. गाउटवरचे अॅलोप्युरिनॉल. सल्फा गटातले कोट्रायमोक्सॅझोल. एचआयव्हीवरचे नेव्हिरापिन, जे यासाठीच पहिले चौदा दिवस अर्ध्या मात्रेत देत. पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. क्षयरोगावर एके काळी सर्रास मिळणारे थायासेटाझोन, जे एचआयव्ही असलेल्या क्षयरुग्णांत इतके घातक ठरले की त्यांना ते देणे थांबवावे लागले. विदर्भाला कुष्ठरोगाची जुनी ओळख आहे. त्या उपचारातल्या डॅप्सोनमुळे होणारी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात ताप, पुरळ आणि कावीळ घेऊन येणारी रिअॅक्शनही याच कुळातली चुलत बहीण. ही औषधे वाईट नाहीत. लाखो माणसे त्यांच्यावर बरी होतात, झटक्यांची गोळी मनाने बंद केली तर जीव जाऊ शकतो. एखाद्याच शरीराला ती का सोसत नाहीत, याचे उत्तर काही अंशी रक्तात सापडले आहे. पेशींवर ओळखपत्रासारखी काही प्रथिने असतात. त्यांतले एचएलए-बी १५:०२ नावाचे प्रथिन असलेल्यांना कार्बामाझेपिनमुळे हा आजार होण्याचा धोका खूप जास्त, हे २००४ साली तैवानमधल्या संशोधकांनी दाखवले. नंतर भारतीय रुग्णांतही तो संबंध आढळला. औषध या प्रथिनाला चिकटते, संरक्षण करणाऱ्या टी-पेशींना आपलीच पेशी परकी वाटू लागते, आणि त्या ग्रॅन्युलायसिनसारखी मारक द्रव्ये सोडून तिला संपवतात. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी अशा घाऊक मरतात आणि थर सुटतो.

इथपर्यंतची हकिकत वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात कमीजास्त सापडते. या लेखनाचा खरा विषय पुढे आहे. कातडीवर ही आग लागलेली असताना पोटात काय चालले आहे?

तोंडापासून गुदद्वारापर्यंत आपल्या आत एक लांबलचक नळी आहे, आणि तिला आतून अस्तर आहे. तोंडाचे आणि अन्ननलिकेचे अस्तर बांधणीने कातडीच्या जवळचे, अनेक थरांचे. म्हणून या आजारात तोंड जवळजवळ नेहमी सोलते आणि अन्ननलिकाही पुष्कळदा सोलते. गिळताना सुरी फिरवल्यासारखे दुखते. बरे झाल्यावर काहींची अन्ननलिका व्रण आकसून अरुंद होते आणि महिन्यांनी घास अडकू लागतो. जठराच्या पुढे मात्र अस्तराची जात बदलते. लहान आणि मोठ्या आतड्याचे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते, आणि दर तीन ते पाच दिवसांनी ते स्वतःला नवे करून घेते. कातडीशी त्याचे साम्य थोडे. त्यामुळे हल्ला तिथवर जाऊ नये अशी अपेक्षा असते, आणि बहुतेक रुग्णांत जातही नाही.

पण काहींत जातो. १९९१ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये औषधजन्य टेनमध्ये आतडेही बाधित झाल्याचे नोंदवले. १९९३ साली या आजारात मोठे आतडे फुटल्याची नोंद आली. त्यानंतर जगभरातून एकेक-दोनदोन रुग्णांची वर्णने जमत गेली. आपल्या देशात पाटण्याच्या डॉक्टरांनी २०१९ साली स्टीव्हन्स-जॉन्सनमधल्या पचनसंस्थेच्या दुखण्यांवर लिहिले. ही सगळी वर्णने एकत्र ठेवली की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. आजार सुरू झाल्यावर काही दिवसांत, कधी कातडी सुकायला लागल्यावर, रुग्णाला पातळ जुलाब सुरू होतात. पोटात कळा येतात, पोट फुगते. शौचातून रक्त पडते, कधी लाल, कधी डांबरासारखे काळे. आणि काही रुग्णांत शौचाबरोबर पांढुरके-तपकिरी पापुद्रे बाहेर येतात. ओल्या कागदाच्या चिंध्यांसारखे दिसणारे हे पापुद्रे म्हणजे आतड्याचे सुटलेले अस्तर. बाहेर चादरीला चिकटून निघते ती कातडी, आणि भांड्यात पडते ती आतडी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्यात अस्तराच्या पेशी मेलेल्या दिसतात आणि भोवती लिम्फोसाइटची गर्दी दिसते.

अस्तर गेले की तीन गोष्टी एकदम सुरू होतात. खाल्लेले शोषले जात नाही. अंगातले प्रथिन उघड्या कातडीतून आधीच झिरपत असते, ते आता आतड्यातूनही वाहू लागते. अल्ब्युमिन खाली येते, पाय आणि पोट सुजते, नातेवाइकांना वाटते अंग भरत चालले. आणि आतड्यातल्या जंतूंना रक्तात शिरायला वाट मोकळी मिळते. या आजारात रुग्ण दगावतात ते मुख्यतः जंतुदोष रक्तात पसरल्याने. कातडीवरच्या जखमांकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असताना जंतू पोटातूनही येत असू शकतात, हे लक्षात ठेवायला हवे.

क्वचित आतडे फुटते. एरवी आतडे फुटलेला माणूस ओळखता येतो. पोट लाकडासारखे कडक, हात लावू देत नाही, नाडी धावते, चेहरा पांढराफटक. या रुग्णात यातली प्रत्येक खूण दुसऱ्या कशाने तरी झाकलेली असते. तो सगळीकडेच हात लावू देत नाही, कारण पोटावरची कातडी सोललेली आहे. नाडी आधीपासून धावते आहे. ताप आधीपासून आहे. दुखणे कमी करायला दिलेल्या तीव्र वेदनाशामकांनी आतडे मंदावले आहे, म्हणून पोट थोडे फुगलेलेच आहे. आणि स्टेरॉइड चालू असेल तर पोटाची ताठरता पुष्कळदा येत नाही. आत घाण पसरत असते आणि पोट मऊ लागते. अशा वेळी ‘पोट मऊ आहे’ या केसपेपरवरच्या तीन शब्दांवर विसंबणे फार धोक्याचे आहे. संशय आला तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करावा, आणि संशय यायला उशीर होऊ देऊ नये.

जुलाबांचेही तसेच. अतिदक्षता विभागात जुलाब लागायला शंभर कारणे असतात. नळीतून दिलेले अन्न, अँटिबायोटिक, त्यातून बळावणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू, प्रतिकारशक्ती खचल्यावर डोके वर काढणारा सायटोमेगॅलो विषाणू, रक्तदाब पडल्याने आतड्याला रक्त न मिळणे. या सगळ्यांचा तपास झाला पाहिजे, कारण त्यांवर उपचार आहेत. पण या यादीत आजार स्वतःच आतड्यात उतरला असेल ही शक्यता लिहिलेली नसते, म्हणून ती सुचत नाही. या आजाराची तीव्रता मोजायला २००० सालापासून ‘स्कॉर्टेन’ नावाची पट्टी वापरतात. वय, कर्करोग आहे का, नाडी, सुटलेली कातडी, युरिया, साखर, बायकार्बोनेट अशा सात गोष्टी ती मोजते. आतड्याचा एकही मुद्दा तिच्यात नाही. पट्टी चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. दुर्मीळ गोष्ट तिच्यात बसवता आली नसती. पण गुणांक कमी आला म्हणून पोटाकडे पाहायचे थांबू नये, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणेन.

शस्त्रक्रिया करावी लागली तर आणखी एक अडचण असते, जी पुस्तकात एका ओळीत येते आणि वॉर्डात दिवसरात्र छळते. आतड्याचा फुटलेला भाग काढून उरलेल्या आतड्याचे तोंड पोटावर आणतात आणि तिथे पिशवी चिकटवतात. पिशवी कातडीला चिकटते. जिथे कातडीच नाही तिथे ती कशाला चिकटणार? मळ उघड्या मांसावर ओघळतो, रुग्ण किंचाळतो, दर तासाला कपडा बदलावा लागतो. ती नर्स आणि तिच्या मदतीला उभी राहिलेली रुग्णाची आई किंवा बायको यांच्या कष्टांना कोणत्याही शोधनिबंधात रकाना नसतो.

वाचलेल्यांचीही गोष्ट तिथे संपत नाही. व्रण भरताना आतडे आकसते. कातडी भरून आली, माणूस घरी आला, शेतात जाऊ लागला, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जेवणानंतर पोटात कळ उठू लागते, पोट गुडगुडते, ओकारी होते, वजन उतरते. तोवर जुना आजार सगळे विसरलेले असतात. गॅस म्हणून चूर्ण मिळते, अल्सर म्हणून गोळी मिळते. आतडे अरुंद झाले आहे, क्वचित एकात एक घुसले आहे, हे कळायला उशीर होतो, कारण नव्या डॉक्टरला जुनी फाइल दाखवलेली नसते. ज्याला हा आजार एकदा होऊन गेला त्याच्या पोटदुखीला आयुष्यभर गॅस म्हणताना दोनदा विचार करावा.

हा आजार महाराष्ट्रात आणि देशात सर्वांच्या तोंडी आला तो एका खटल्यामुळे. अमेरिकेत राहणाऱ्या, सुटीसाठी कोलकात्याला आलेल्या अनुराधा साहा यांना १९९८ च्या उन्हाळ्यात अंगावर पुरळ उठले. तिथे उपचार सुरू झाले, आजार वाढत गेला, आणि १७ मे रोजी त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवण्यात आले. २८ मे १९९८ रोजी टेनने त्यांचा मृत्यू झाला. त्या ३६ वर्षांच्या होत्या. पती डॉ. कुणाल साहा पंधरा वर्षे लढले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली कोलकात्यातल्या उपचारांत निष्काळजीपणा झाल्याचा निर्णय दिला आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजी सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई, शिवाय व्याज, देण्याचा आदेश केला. वर्तमानपत्रांत तेव्हा रकमेची चर्चा झाली. मला त्या खटल्यातले दुसरे दोन मुद्दे मोलाचे वाटतात : दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचा मोठा डोस, आणि पाणी, क्षार, पोषण, जखमांची निगा या साध्या आधारभूत उपचारांत राहिलेली उणीव. देशातल्या सर्वोच्च न्यायालयात दीर्घ वाद झाला तो सलाइन किती दिले, पोटात अन्न कसे गेले, कातडी कशी झाकली अशा गोष्टींवरही. या आजारात जीव वाचतो तो याच गोष्टींवर. आणि यातले पोषण म्हणजे पुन्हा आतडेच. तोंड सोललेले असले तरी नाकातल्या बारीक नळीने पोटात अन्न जात राहावे, हे पहिल्या दिवसापासून पाहावे लागते. पोट फुगले, रक्त पडू लागले, तर तेच अन्न थांबवून शिरेतून पोषण द्यावे लागते. निर्णय रोज नव्याने करावा लागतो.

महागावच्या माणसाला या उपचारापर्यंत पोचायचे तर रस्ता धरावा लागतो. नागपूर-तुळजापूर महामार्ग गावावरून जातो. एका दिशेने आर्णीवरून यवतमाळ, तिथले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दुसऱ्या दिशेने उमरखेड, हदगाव करत नांदेड, तिथले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. यवतमाळच्या पुढे सेवाग्राम, सावंगी, नागपूर. फुलसावंगीकडच्या माणसाला आधी महागावपर्यंत यायचे असते. पुष्कळदा या प्रवासाआधी गावात दोन ठिकाणी सलाइन लागलेली असते, तीन प्रकारच्या सुया झालेल्या असतात, आणि प्रत्येक नव्या औषधाने खऱ्या गुन्हेगाराचा माग आणखी पुसट होतो. अॅम्ब्युलन्समध्ये बसताना घरच्यांनी कपडे, पैसे, आधारकार्ड घेतलेले असते. गोळ्यांचा डबा घरीच राहतो.

आमच्या घरी असा डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, गंजलेल्या कडांचा. आजीच्या सांधेदुखीच्या, काकांच्या बीपीच्या, कोणाच्या तरी खोकल्याच्या गोळ्या त्यात एकत्र. कडा कात्रीने कापलेल्या, काहींच्या पाठीवर औषधाच्या नावातली अर्धी अक्षरे. एकदा आजीच्या अंगावर चट्टे उठले आणि डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले? सगळे घर त्या डब्याभोवती बसले आणि अर्धी अक्षरे जुळवू लागले. चट्टे साधे निघाले, तीन दिवसांत गेले. तेव्हा मी वैद्यकाचा विद्यार्थी होतो, औषधांची शेकडो नावे पाठ होती, आणि डब्यातली एक गोळी मला ओळखता आली नाही. ती लाज अजून गेलेली नाही. हे लिखाण त्यातूनच आले आहे.

गेल्या काही वर्षांत थोडे बदलले आहे. २०१० साली भारत सरकारने औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंदणी केंद्रे आहेत. २०२३ च्या अखेरीस याच कमिशनने मेफेनॅमिक अॅसिडबद्दल इशारा दिला, की या गोळीने ‘ड्रेस’ नावाची रिअॅक्शन येऊ शकते. पाळीच्या दुखण्यावर घराघरांत घेतली जाणारी ही गोळी, म्हणून बातमी गाजली. ड्रेसमध्ये ताप आणि पुरळाबरोबर यकृत, मूत्रपिंड आणि क्वचित आतडेही सुजते. जुलाब आणि रक्तस्राव त्यातही होतात. असे इशारे निघतात ते कोणीतरी, कुठेतरी, एका रुग्णाचा फॉर्म भरल्यामुळे. आपल्या भागातून असे किती फॉर्म जातात, हा प्रश्न मी इथल्या प्रत्येक डॉक्टर मित्राला विचारत असतो. आतड्याच्या गुंतागुंतीसारखी दुर्मीळ गोष्ट तर नोंदींच्या बेरजेतूनच कळणार. एका वॉर्डात ती अपघात वाटते, शंभर वॉर्डांतून आली की तिचा आकार दिसतो.

पुढील प्रकरणांत कातडीच्या आजाराचे टप्पे, पोट तपासण्याची रीत, आतड्याची गुंतागुंत ओळखण्याच्या खुणा आणि बरे झाल्यावरची काळजी सविस्तर येईल. आशाताईंसाठी आणि घरच्यांसाठी लिहिलेला भाग मुद्दाम साध्या भाषेत ठेवला आहे. तो डॉक्टरांनीही वगळू नये.

औषध विक्रेत्यांना मात्र इथेच विनंती करतो. पाकीट कापायचेच असेल तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग गिऱ्हाइकाला द्या. ते जमत नसेल तर पिशवीवर पेनाने औषधाचे नाव लिहा. घरच्यांनी गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, संपलेलीसुद्धा, एका पिशवीत ठेवावीत आणि दवाखान्यात जाताना ती पिशवी सोबत घ्यावी. पुरळ दुखत असेल, डोळे-तोंड-लघवीची जागा यांपैकी कुठेही चट्टे असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि नवी-जुनी सगळी औषधे डॉक्टरांना सांगावीत. अशा रुग्णाला शौचातून रक्त पडले, पोट फुगले किंवा पापुद्रे पडले तर ते लाजून लपवू नये, नर्सला दाखवावे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सामान्य माणूसही करू शकतो. त्यासाठीचा फोन मोफत आहे : १८००-१८०-३०२४.